कार्नाकला जायचं, पण कुठल्या बोटीने? पाच जणांच्या एका सहलीचं प्रकरण

सासूबाईंना बोट लागते, म्हणून समुद्रावरचा वेळ जितका कमी तितकं बरं. मे 2025 मधल्या आमच्या फ्रान्सच्या सहलीची सगळी आखणी या एका वाक्यापासून सुरू झाली आणि बरेच दिवस तिथेच अडकली. वाक्य चुकीचं नव्हतं. पण त्याच्या आधारावर आम्ही जी बोट ठरवणार होतो, ती आम्हाला सर्वांत जास्त दमवणारी ठरली असती. शेवटी वेगळी बोट घेतली. जाताना ती निवड छान जमली, येताना आमच्याच एका हिशेबाच्या चुकीमुळे फसली. ब्रिटनमध्ये राहून आईवडिलांना गाडीने युरोपात न्यायचा विचार अनेक मराठी घरांत होतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

कोण, कुठून, कुठे

आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक, तिघांचे पासपोर्ट ब्रिटिश. सासूसासरे भारतातून तीन महिन्यांसाठी आले होते. आई 68 वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखरे. बाबा 74 वर्षांचे, इन्सुलिन घेणारे, निवृत्त यांत्रिकी अभियंता. दोघांचे पासपोर्ट भारतीय.

बाबांना कार्नाक पाहायचं होतं. फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या गावाभोवती नवाश्मयुगात उभारलेले तीन हजारांहून जास्त दगड रांगा धरून उभे आहेत. (आम्ही जाऊन आलो आणि जुलै 2025 मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. बाबांनी ती बातमी कात्रणासारखी जपून ठेवली आहे.) शाळेला सुट्टी मेच्या शेवटच्या आठवड्यात. गाडी आमचीच, पाच आसनी. कार्नाकजवळ एक भाड्याचं घर मिळालं, शनिवार 24 मे ते शनिवार 31 मे. फ्रान्समधली अशी घरं बहुतेक शनिवार ते शनिवारच देतात. घर आवडलं, आगाऊ पैसे भरले, आणि मग बोट शोधायला बसलो. हा क्रम उलटा हवा होता, हे पुढे दिसेलच.

सर्वांत अरुंद जागा

इंग्लिश खाडी डोव्हर आणि कॅले यांच्यामध्ये सर्वांत अरुंद आहे, जेमतेम 33 किलोमीटर. बोटीला दीडेक तास लागतो. बोट लागणारं माणूस बरोबर असलं की नकाशावर हाताचं बोट आपोआप त्या रेघेवर जातं, तसंच आमचंही झालं. नवऱ्याने तर त्याहून पुढे जाऊन बोगदाच सुचवला. फोकस्टनहून गाडी आगगाडीच्या डब्यात चढवायची आणि 35 मिनिटांत कॅलेजवळ उतरायचं, पाण्याचा संबंधच नाही. आईंचा चेहरा खुलला. पण फोकस्टनही डोव्हरच्या शेजारीच आणि उतरायचंही कॅलेजवळच, म्हणजे जमिनीवरचा प्रवास तेवढाच राहतो. म्हणून पुढचा हिशेब दोन्हींना सारखाच लागू होतो.

हिशेब बाबांनी मांडला. त्यांनी समुद्र बाजूला ठेवला आणि फक्त रस्ता मोजला. बर्मिंगहॅम ते डोव्हर सुमारे 330 किलोमीटर. कॅले ते कार्नाक पावणेसातशेच्या आसपास. म्हणजे एका बाजूला हजार किलोमीटर. मधल्या सीटवर लेक, तिच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला गुडघे दुमडून बसलेल्या आई. लेकीला पुढे बसवून जागा करावी म्हटलं तर फ्रान्समध्ये दहा वर्षांखालच्या मुलांना पुढच्या सीटवर बसवता येत नाही. कॅलेपासून न थांबता गेलो तरी सात तास, आणि न थांबता आईंना नेणं शक्यच नव्हतं. वाटेत एक मुक्काम, दोन खोल्या. येताना पुन्हा तेच.

दुसऱ्या बाजूला पोर्टस्मथ. बर्मिंगहॅमहून सुमारे 235 किलोमीटर. तिथून रात्रीची बोट ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सां-मालोला जाते आणि सां-मालोहून कार्नाक पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर. दोन्ही वाटांमधला फरक जाऊनयेऊन साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास निघाला. आमच्या गाडीला लिटरमागे पंधरा किलोमीटर धरले तर पंचाहत्तर लिटरच्या वर पेट्रोल. शिवाय कॅलेहून कां शहरापर्यंतच्या मोटरवेवर टोल. ब्रिटनीत मात्र मोठ्या रस्त्यांवर टोल नाही, आणि कांहून रेन शहराला येणारा ए-84 रस्तासुद्धा टोलमुक्त आहे. डोव्हरचं तिकीट पोर्टस्मथच्या रात्रीच्या बोटीपेक्षा खूपच स्वस्त दिसत होतं. पेट्रोल, टोल, मुक्काम आणि वाटेतलं खाणं मिळवल्यावर तो फरक निम्म्याहून कमी उरला. उरलेल्या पैशांत आम्ही चौदा-पंधरा तासांचं गाडीत बसणं विकत घेतलं असतं.

आता डोव्हरच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण त्या वाटेची खरी ताकद पाण्याची रुंदी ही नाही. ताकद बोटींच्या संख्येत आहे. दिवसरात्र तिथून बोटी सुटत असतात. रस्त्यात अडकलात, एक बोट चुकली, तरी तास-दोन तासांत पुढची मिळायची शक्यता असते. सां-मालोला दिवसाला साधारण एकच बोट. ती चुकली की दिवस गेला, आणि सुट्टीच्या आठवड्यात दुसऱ्या दिवशीच्या बोटीत गाडीला जागा असेलच असं नाही. ज्यांना उत्तर फ्रान्स, बेल्जियम किंवा जर्मनीत जायचं आहे, त्यांनी या सगळ्या चर्चेत पडूच नये. डोव्हर किंवा बोगदा घ्यावा.

बाकीच्या रेघा

मित्रमंडळींनी सुचवलेले काही मार्ग लगेच बाजूला झाले. हलहून रॉटरडॅमला आणि हारविचहून हुक ऑफ हॉलंडला रात्रीच्या मोठ्या बोटी जातात. केबिन उत्तम, पण उतरतो हॉलंडमध्ये, कॅलेच्याही पलीकडे. न्यूहेवन ते दिएप चार तास. ही वाट पॅरिस आणि नॉर्मंडीसाठी चांगली, आमच्यासाठी ना धड छोटी ना धड कामाची.

खरी स्पर्धा पश्चिमेकडच्या तीन वाटांत होती. पोर्टस्मथ ते विस्त्रआम (कां शहराचं बंदर) दिवसा सुमारे सहा तास, तिथून कार्नाक साडेतीनशे किलोमीटर. पोर्टस्मथ ते सां-मालो रात्री सुमारे अकरा तास. आणि प्लिमथ ते रोस्कॉफ दिवसा सुमारे सहा तास, तिथून कार्नाक पावणेदोनशेच्या आसपास.

रोस्कॉफच्या वाटेची एक गोष्ट बाबांना फार आवडली. ती प्रवाशांसाठी सुरूच झाली नव्हती. ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावरचे शेतकरी फुलकोबी आणि आर्टिचोक पिकवत, आणि इंग्लंडच्या बाजारात माल पाठवायचा तर कॅलेपर्यंतचा लांबचा फेरा पडे. आलेक्सी गुर्वेनेक या शेतकरी नेत्याच्या पुढाकाराने त्यांनी स्वतःचीच बोट घेतली. ब्रिटन युरोपीय समुदायात दाखल झालं 1 जानेवारी 1973 ला, आणि दुसऱ्याच दिवशी, 2 जानेवारीला, रोस्कॉफहून प्लिमथला ती बोट निघाली. केरिस्नेल तिचं नाव. आजची ब्रिटनी फेरीज ही कंपनी त्यातूनच वाढली. कॅलेचा फेरा त्या शेतकऱ्यांनाही परवडत नव्हता, असं म्हणून बाबांनी आपल्या हिशेबाखाली एक रेघ ओढली.

तरी प्लिमथ आम्ही घेतलं नाही. बर्मिंगहॅमहून तेही डोव्हरइतकंच लांब, 330 किलोमीटर, आणि वाट एम-5 मोटरवेची. सुट्टीच्या शनिवारी ब्रिस्टलपासून खाली सगळा देश डेव्हन-कॉर्नवॉलला निघालेला असतो. त्या रांगेत बोटीची वेळ गाठायची, ही कल्पनाच नको वाटली. आज मागे वळून पाहताना मात्र वाटतं, निदान परतीसाठी आम्ही रोस्कॉफचा विचार करायला हवा होता. एकाच कंपनीच्या दोन वेगळ्या बंदरांची जोडी एका तिकिटात मिळते, जाताना एक आणि येताना दुसरं. आम्ही तो पर्याय उघडून पाहिलाच नाही.

बोट लागणं म्हणजे नेमकं काय, आणि कुठे

आईंना तरुणपणी एका लाँचमध्ये दोन तासांत इतका त्रास झाला होता की तो अनुभव त्यांच्या अंगात बसला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: दोन तासांत तसं, तर अकरा तासांत काय? याचं उत्तर नुसतं धीर देऊन देता येत नव्हतं, म्हणून ते नीट समजून घेतलं.

कानाच्या आतला तोलाचा अवयव सांगतो की शरीर हलतंय. डोळ्यांसमोरची भिंत सांगते की काहीच हलत नाही. या दोन बातम्यांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. म्हणून डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहिलं की बरं वाटतं, आणि डोळे मिटून आडवं झालं तरीही बरं वाटतं, कारण वाद घालणारी एक बाजू गप्प होते. पुस्तक किंवा मोबाइल पाहिला की त्रास वाढतो.

बोटीचा आकारही महत्त्वाचा. लाँच प्रत्येक लाटेवर चढते-उतरते. शेकडो गाड्या पोटात घेणारी दीडशे-पावणेदोनशे मीटर लांबीची बोट लहान लाटांची दखलच घेत नाही. अशा बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते बोटीचं कुशीवर डोलणं कमी करतात. पण बोटीचं पुढचं टोक वर-खाली होऊन जे हेलकावे बसतात, ते पंखांनी थांबत नाहीत. ते सर्वांत जास्त जाणवतात पुढच्या आणि मागच्या टोकाला, आणि वरच्या मजल्यांवर. मधोमध आणि खालच्या मजल्यावर सर्वांत कमी. आम्ही केबिन मागताना हेच सांगितलं: खिडकी नको, समुद्राचं दृश्य नको, मधली आणि खालची द्या. अशी केबिन स्वस्तही असते.

वेगवान कॅटामरानचा, म्हणजे जोडसांगाड्याच्या बोटीचा, मोह अनेकांना होतो. वेळ निम्म्यावर येतो हे खरं. पण त्या हलक्या असतात, आणि ठरावीक उंचीपलीकडे लाटा गेल्या की परवान्याच्या अटीनुसार त्यांना निघताच येत नाही. ज्यांची पुढची तारीख हलू शकत नाही आणि ज्यांना बोट लागते, अशा दोघांसाठीही मी त्या सुचवणार नाही.

एक गोष्ट आईंपासून लपवली नाही. पश्चिमेची खाडी अटलांटिककडे उघडी आहे. डोव्हरला पाणी खवळलं तर ते आखूड, खडबडीत असतं. पश्चिमेला लांबून आलेली फुगवटी येते, आणि चॅनल आयलंड्सच्या आसपास भरती-ओहोटीचे प्रवाह जोरदार आहेत. वारा प्रवाहाच्या उलट असला की लाटा उभ्या होतात. सां-मालोला भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणाला बारा मीटरच्या घरात जातो. म्हणजे मेमध्ये समुद्र शांत असण्याची शक्यता जास्त, खात्री नाही. हे ऐकून आई म्हणाल्या, "झोपेत गेलं तर चालेल मला. जागेपणी नको." निर्णय खरं तर या वाक्यानेच झाला. आम्ही ते वाक्य अर्धवट ऐकलं.

बाबांचा प्रश्न

बाबांनी विचारलं, गाडी खाली आणि माणसं वर, असं का? आईंना गाडीतच बसून राहू दिलं तर जिने चढावे लागणार नाहीत. ते होत नाही. बोट चालू असताना गाड्यांचा मजला प्रवाशांना बंद असतो, आणि का ते या जातीच्या बोटींची रचना पाहिली की कळतं. आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा मजला असतो, मध्ये भिंती नाहीत. तिथे पाणी शिरलं की ते इकडून तिकडे धावतं आणि बोट झपाट्याने कलंडते. 6 मार्च 1987 ला बेल्जियममधल्या झेब्रुगहून निघालेली हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही बोट पुढचा दरवाजा उघडा राहिल्यामुळे काही मिनिटांत कलंडली, 193 माणसं गेली. त्यानंतर दरवाजे बंद झाल्याची खूण बोट चालवण्याच्या कक्षात दिसणं, सुरक्षेची जबाबदारी कंपनीच्या वरच्या पातळीपर्यंत जाणं, असे बदल झाले. बाबांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, मग औषधांची पिशवी गाडीत ठेवायची नाही. बरोबर. इन्सुलिन, गुडघ्याचा पट्टा, रात्रीचे कपडे, पासपोर्ट हे सगळं एका पिशवीत घेऊन वर जायचं, कारण सकाळपर्यंत गाडीकडे जाता येत नाही.

आईंच्या जिन्यांचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटला. हालचालीला त्रास असलेल्या प्रवाशाला बंदरात आणि बोटीवर मोफत मदत मिळण्याचा हक्क आहे. निदान 48 तास आधी कळवावं लागतं. आम्ही तिकीट काढतानाच कळवलं. बंदरावर पुन्हा सांगितलं, तेव्हा गाडी लिफ्टजवळच्या रांगेत लावायला दिली. जास्त रुंद दाराची, आधाराचे दांडे असलेली केबिन मोजकीच असते. ती हवी असेल तर महिनोन्‌महिने आधी धरावी.

घर आधी ठरल्याची किंमत

शुक्रवारी 23 तारखेला सव्वातीनला शाळा सुटणार. पोर्टस्मथची बोट रात्री सव्वाआठच्या सुमाराची, आणि गाड्यांची नोंदणी त्याच्या बरीच आधी बंद होते. कागदावर जमत होतं. पण तो दीर्घ सुट्टीच्या आधीचा शुक्रवार, आणि ऑक्सफर्ड-न्यूबरीचा ए-34 रस्ता. बोट दिवसाला एक. मी नाही म्हटलं. शनिवारी रात्री निघायचं ठरलं, म्हणजे घराची पहिली रात्र पैसे भरूनही रिकामी गेली. बोट आधी ठरवली असती तर घर रविवारपासून देणारं शोधता आलं असतं. परतीची गाठ तर याहून अवघड होती, पण तेव्हा ती दिसली नाही.

व्हिसा आणि तपासणी

आईबाबांचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, आम्ही भारतातूनच करून घेतला होता. अर्ज राहत्या देशातून करायचा हा मूळ नियम आहे. ब्रिटनमध्ये पाहुणे म्हणून आलेल्या माणसाला इथून अर्ज करायचा तर तसं सबळ कारण द्यावं लागतं. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज, म्हणजे फ्रान्सकडे. निदान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. आमच्याकडे ब्रिटनच्या आरोग्यसेवेचं कार्ड होतं, पाहुण्यांना ते लागू नाही, हे विसरू नये.

व्हिसा एकदाच प्रवेशाचा मिळाला. यात एक सापळा होता. सां-मालोहून जर्सी बेटावर दिवसभराची सहल करता येते, आणि बाबांनी ती यादीत लिहिलीही होती. जर्सी शेंगेनमध्ये नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी सां-मालोला परतलो असतो तर तो दुसरा प्रवेश झाला असता, आणि व्हिसा तर सकाळीच संपलेला. यादीतून जर्सी खोडलं.

तपासणी कुठे होते यातही बंदरानुसार फरक आहे. डोव्हरला फ्रेंच पोलीस इंग्लंडच्याच भूमीवर, बोटीत चढण्याआधी पासपोर्ट पाहतात. फ्रान्स आणि ब्रिटन यांच्या 2003 च्या तुकेच्या करारातून ही व्यवस्था आली. म्हणून गर्दीच्या दिवसांत डोव्हरची रांग शहराच्या रस्त्यांपर्यंत येते. जुलै 2022 मध्ये तर बंदराला आणीबाणीची स्थिती जाहीर करावी लागली होती. पोर्टस्मथ-सां-मालोला फ्रेंच तपासणी उतरल्यावर होते. रांग तिथेही लागते, पण बोट चुकण्याची भीती मागे राहिलेली असते. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपीय संघ आणि शेंगेन यांच्या बाहेरच्या देशांतल्या नागरिकांचा चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. त्यात आमच्यासारखे ब्रिटिश पासपोर्टवालेही येतात आणि आईबाबाही. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. आता आम्ही जायचं ठरवलं तर या नोंदणीसाठी लागणारा वेळ धरून बंदरावर पोचण्याची वेळ ठरवू.

तुपाची बरणी घरीच राहिली. जानेवारी 2021 पासून ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आईंना हे पटवायला व्हिसाच्या सगळ्या कागदांपेक्षा जास्त वेळ लागला.

जाताना

शनिवारी दुपारी निघालो, तीन तासांत पोर्टस्मथ. बोट सुटायच्या आधीच जेवण उरकलं. मळमळीची गोळी आईंनी डॉक्टरांना विचारून, बोटीत चढण्याआधी घेतली. त्रास सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात टिकत नाही. नऊला आई आडव्या झाल्या. मध्यरात्रीनंतर बोट हलकीशी डोलत होती, मला जाणवलं, त्यांना नाही. घड्याळ एक तास पुढे केलं. सकाळी सां-मालोची तटबंदी समोर आली तेव्हा आई डेकवर बाबांच्या शेजारी उभ्या होत्या. साडेअकरापर्यंत कार्नाकच्या घरी.

आठवड्याबद्दल इथे लिहीत नाही. दगड पाहिले, दोनदा.

येताना

या वाटेचा एक विशेष आहे, जो वेळापत्रकात स्पष्ट छापलेला होता आणि आम्ही वाचूनही वाचला नव्हता. पोर्टस्मथहून बोट रात्री जाते, पण सां-मालोहून दिवसा परतते. सकाळी साडेदहाच्या सुमाराला सुटते, संध्याकाळी पोचते, पावणेनऊ-नऊ तास. आम्ही जाण्याचा अभ्यास केला होता आणि येणं म्हणजे त्याचंच प्रतिबिंब धरलं होतं.

गाड्यांची नोंदणी गाठायची तर कार्नाकहून पहाटे साडेपाचला निघायला हवं. आदल्या रात्री सां-मालोत राहावं असं ठरवलं, तर 29 मेला फ्रान्समध्ये असेन्शनची सुट्टी गुरुवारी आली होती. शुक्रवार जोडून लोक चार दिवस बाहेर पडलेले. आम्हाला परवडेल अशा दोन खोल्या मिळाल्या नाहीत. पहाटे निघालो. आईंची झोप झाली नाही, पोटात नुसता चहा. आणि दिवसाच्या बोटीला केबिन कशाला, म्हणून आम्ही ती घेतली नव्हती. ते पैसे वाचवल्याचं मला आजही वाईट वाटतं.

वारा पश्चिमेचा होता. कुणी वादळ म्हणणार नाही, पण चॅनल आयलंड्सच्या जवळ बोट लांब हेलकावे घ्यायला लागली. आई खुर्चीत होत्या, समोर भिंत, आजूबाजूला खाण्याचे वास. जागेपणी नको, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, आणि आम्ही त्यांना नऊ तास जागेपणी बसवलं होतं. बाराच्या सुमाराला त्यांचा चेहरा पांढरा पडला. डेकवर नेलं, थोडं बरं वाटलं, पण गुडघ्यांनी उभं राहवेना. बाबांचं इन्सुलिन आणि जेवण यांची वेळही या धावपळीत पुढे गेली. ते स्वतः काही बोलले नाहीत, लेकीने आठवण केली.

मग नवरा माहिती कक्षात गेला आणि विचारलं, एखादी केबिन रिकामी आहे का? होती. दिवसाच्या फेरीला बऱ्याचदा असतात, आणि बोटीवरच पैसे भरून घेता येतात. मधली, खिडकी नसलेली. आईंना आडवं केलं, दिवा मालवला. वीस मिनिटांत श्वास संथ झाला. पुढचे पाच तास त्या झोपल्या. बाबा केबिनमध्ये जमिनीवर बसून राहिले, उठायला तयार नव्हते.

पोर्टस्मथच्या धक्क्याला लागलो, तपासणीच्या रांगेत गाडी उभी होती. अधिकाऱ्याने आईबाबांना परतीचं विमान कधीचं ते विचारलं, कागद पाहिले, जाऊ दिलं. मोटरवेला लागल्यावर आई पहिल्यांदा बोलल्या. "परतीलाही रात्रीचीच बोट मिळते का कुठून?"

"विस्त्रआमहून मिळते," बाबा पुढच्या सीटवरून म्हणाले. त्यांनी केबिनमध्ये बसून वेळापत्रक पाहून ठेवलं होतं. "रात्री अकराच्या सुमाराला सुटते. कार्नाकहून साडेतीनशे किलोमीटर. दुपारी निघायचं."